हंपी, विजापूर आणि आपण

प्रवासाची साधने आज पूर्वीपेक्षा कितीतरी सुलभ झाली आहेत. दिवाळीची अथवा उन्हाळ्याची सुट्टी लागली, की बेळगाव, खानापूर, निपाणी या बाजूंची कुटुंबेच्या कुटुंबे मोटारीत सामान भरून बाहेर पडतात. शाळांच्या सहलीही निघतात. चार दिवसांत आठ स्थळे पाहून मंडळी परत येतात, आणि येताना मोबाईलमध्ये शेकडो छायाचित्रे भरून आणतात. ही गोष्ट आनंदाचीच आहे. परंतु एक प्रश्न उरतो. परतलेला प्रवासी निघालेल्या प्रवाशाहून काही निराळा झाला आहे काय? पाहिलेल्या स्थळाने त्याला स्वतःविषयी काही विचार करावयास लावले काय? तसे झाले नसेल, तर त्याने मैल मोजले, प्रवास मात्र केला नाही, असेच म्हणावे लागेल.

निसर्गरम्य स्थळी गेले असता मन निवते, तीर्थक्षेत्री गेले असता ते नम्र होते. जुन्या ऐतिहासिक नगरांत गेल्यावर मनात जी खळबळ उठते, ती या दोहोंहून वेगळ्या जातीची असते. तेथे आपल्यासारखीच माणसे एकेकाळी नांदली. त्यांनी घरे बांधली, भांडणे केली, मुलांना शिकविले, उद्याचे बेत आखले. आपण आज ज्या निश्चिंतपणे "उद्या" म्हणतो, त्याच निश्चिंतपणे त्यांनीही तो शब्द उच्चारला असेल. पुढे काय झाले हे त्यांना ठाऊक नव्हते. आपणांस ते ठाऊक आहे. या एका जाणिवेने विचारी मनुष्य थबकतो, आणि त्याची दृष्टी दगडांवरून वळून स्वतःकडे येते. हा अनुभव आपोआप मात्र येत नाही. त्यासाठी पाहावे कसे आणि विचारावे काय, हे शिकावे लागते. आमच्या परिसरातील दोन नगरांच्या आधारे ते आपल्या विद्यार्थिमित्रांस व त्यांच्या घरच्या मंडळींस सांगावे, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

ती दोन नगरे म्हणजे विजापूर आणि हंपी. विजापूर बेळगावहून सुमारे दोनशे किलोमीटरवर आहे; २०१४ पासून त्याचे अधिकृत नाव विजयपुर असे झाले आहे. हंपी त्याहून दूर, होस्पेटजवळ तुंगभद्रेच्या काठी आहे, आणि १९८६ पासून तिची गणना जागतिक वारसास्थळांत होते. लोक ही दोन स्थळे स्वतंत्र सहलींत पाहतात. आमच्या मते ती एकापाठोपाठ एक पाहावीत, कारण त्यांच्या कथा एकमेकींत गुंतलेल्या आहेत, आणि त्या गुंत्यातच आपणांस विचार करावयास लावण्याचे सामर्थ्य आहे.

विजयनगरची स्थापना परंपरेप्रमाणे १३३६ मध्ये हरिहर आणि बुक्क या बंधूंनी केली. कृष्णदेवरायाच्या कारकिर्दीत, म्हणजे १५०९ ते १५२९ या वीस वर्षांत, या नगराचे वैभव शिखरास पोहोचले. इराणहून आलेला अब्दुर रझाक, इटलीचा निकोलो काँटी, पोर्तुगालचा दोमिंगो पाइश असे परदेशचे प्रवासी हे नगर पाहून थक्क झाले. पुढे १५६५ च्या जानेवारीत कृष्णेच्या परिसरात तालिकोटची लढाई म्हणून ओळखला जाणारा संग्राम झाला. विजापूर, अहमदनगर, गोवळकोंडा आणि बीदर यांच्या एकत्रित सैन्यांनी रामरायाचा पराभव केला. रामराया मारला गेला, आणि राजधानी लुटली गेली. ती पुन्हा पूर्वीसारखी कधीच वसली नाही.

जिंकणाऱ्यांत विजापूरचा अली आदिलशहा पहिला हा प्रमुख होता. त्याच्या कारकिर्दीत विजापूरचा भव्य तट पूर्ण झाला आणि तेथील जामा मशीद उभी राहू लागली. विजयाचा काळ होता. परंतु १६८६ मध्ये औरंगजेबाच्या सैन्याने विजापूर घेतले आणि आदिलशाही संपली. शेवटचा सुलतान सिकंदर आदिलशहा हा वयाच्या चौथ्या वर्षी गादीवर बसलेला. राज्य गेले तेव्हा तो अवघा अठरा वर्षांच्या आसपासचा, म्हणजे आमच्या शाळेतून नुकत्याच बाहेर पडलेल्या मुलाच्या वयाचा होता. त्याचे उरलेले आयुष्य मोगलांच्या कैदेत गेले. ज्या घराण्याने गोल घुमटासारखी वास्तू उभारली, त्या घराण्याच्या या अखेरच्या पुरुषाची कबर अगदी साधी, उघड्यावरची आहे.

१५६५ आणि १६८६ यांच्यामध्ये एकशे एकवीस वर्षांचे अंतर आहे. हंपीचे अवशेष पाहून विजापुरास आलेला मनुष्य या अंतराचा विचार केल्याशिवाय राहू शकत नाही. पण येथे एक सोपा निष्कर्ष वाटेवरच उभा असतो, आणि त्याच्यापासून सावध राहिले पाहिजे. "सर्व काही नश्वर आहे," असे म्हणून निःश्वास सोडणे फार सोपे आहे. तेवढे म्हणून पुढल्या स्थळाकडे निघता येते, आणि मनावर कसलाच भार राहत नाही. खरा विचार याच्या पुढे सुरू होतो.

त्यासाठी एक प्रसंग सांगतो. विजापूरच्या दरबारात राहून दख्खनचा इतिहास लिहिणाऱ्या फिरिश्त्याने तो नोंदविला आहे. रामरायाचा पुत्र वारला, तेव्हा तरुण अली आदिलशहा मोजक्या लोकांनिशी स्वतः विजयनगरास समाचारासाठी गेला. रामरायाने त्याचे स्वागत केले, आणि रामरायाच्या पत्नीने त्याला पुत्र मानले. पुढे काही काळ अहमदनगरच्या विरुद्ध हे दोघे एकत्र लढलेही. आणि त्यानंतर थोड्याच वर्षांत तोच मानलेला पुत्र रामरायावर चालून जाणाऱ्यांत होता. हे कसे घडले? त्या प्रसंगी मानमरातबाच्या ज्या चुका झाल्या, पुढे जे अपमान झाले, प्रदेशाचा जो लोभ सुटला, त्यांची चर्चा इतिहासकारांनी केली आहे. पण हंपीच्या उन्हात तापलेल्या शिळांवर बसलेल्या मुलाने स्वतःला एवढेच विचारावे: माझ्या घरी शोकाच्या दिवशी धावून आलेल्या कोणाशी मी आज बोलत नाही काय? ते बोलणे कोणत्या दिवशी थांबले, आणि कोणत्या क्षुल्लक शब्दावरून? राज्ये मोडतात ती तोफांनी. पण तोफ डागली जाण्यापूर्वी मनात काहीतरी मोडलेले असते. ते मोडणे राजवाड्यात जसे होते, तसेच दोन खोल्यांच्या बिऱ्हाडातही होते.

आता हंपीतील विठ्ठलमंदिराकडे वळू. दगडी रथामुळे आणि बोटांनी हलकेच वाजविले असता नाद देणाऱ्या स्तंभांमुळे हे मंदिर सर्वांच्या परिचयाचे आहे. लोक रथासमोर उभे राहतात, छायाचित्र काढतात आणि पुढे जातात. आपण मात्र गाभाऱ्यापर्यंत जावे. गाभारा रिकामा आहे. मराठी मनुष्याला हा रिकामेपणा विशेष जाणवतो, कारण आपल्या संतपरंपरेत एक कथा सांगितली जाते. कृष्णदेवरायाने पंढरपूरची विठ्ठलमूर्ती विजयनगरास आणली होती, आणि एकनाथांचे पणजोबा भानुदास यांनी ती परत पंढरीस नेली, अशी ती कथा. तिच्यातील इतिहास किती आणि श्रद्धा किती, हा विद्वानांचा प्रश्न आहे. पण त्या ओसाड गाभाऱ्यासमोर उभे राहिले असता मनात येते, की सोन्यारत्नांनी मढलेल्या राजधानीला आपले दैवत ठेवता आले नाही, आणि चंद्रभागेच्या वाळवंटात अनवाणी चालणाऱ्यांनी ते शतकानुशतके सांभाळले. काय टिकते आणि कोणामुळे टिकते, याचे उत्तर तेथे कोणी पाटीवर लिहिलेले नाही. ज्याचे त्याने ते शोधावयाचे असते.

याच हंपीत आणखी एक गोष्ट पाहण्यासारखी आहे. राजवाड्यांच्या भागातील कमलमहालाच्या कमानी पाहाव्यात. त्यांची घडण सुलतानी वास्तूंशी नाते सांगणारी आहे. त्याच नगरात अहमदखान नावाच्या अधिकाऱ्याने १४३९ मध्ये उभारलेली मशीद आहे, आणि विजयनगरच्या सैन्यात मुसलमान सैनिकही होते. म्हणजे ज्या नगराचे चित्र आपण मनाशी एकाच रंगात रंगविलेले असते, ते प्रत्यक्षात अनेक रंगांचे निघते. असा अनुभव आला म्हणजे मनुष्य थोडा अस्वस्थ होतो. ही अस्वस्थता टाळू नये. आत्मपरीक्षणाचे ते पहिले पाऊल असते.

विजापुरात तर आम्हां मराठी माणसांची ही परीक्षा अधिक कठीण होते. लहानपणापासून आपण अफझलखानाची कथा ऐकलेली असते. १६५९ मध्ये प्रतापगडाच्या पायथ्याशी शिवाजीमहाराजांनी जे धैर्य दाखविले, त्याचा अभिमान आपल्या रक्तात आहे, आणि तो असावा. त्यामुळे विजापूरच्या वेशीतून आत शिरताना आपण शत्रूच्या नगरात शिरत आहोत, असे मुलांना वाटते. पण त्या नगरात फिरताना एकेक गोष्ट पुढे येऊ लागते. शहाजीराजे याच दरबारातील थोर सरदार होते. पहिल्या इब्राहिम आदिलशहाने सोळाव्या शतकात महसुली हिशेब फारसीऐवजी देशी भाषेत ठेवविले, आणि त्या निमित्ताने मराठी लेखणी दप्तरात शिरली. आदिलशाहीतील कितीतरी कागद फारसी आणि मराठी अशा दोन्ही भाषांत आहेत. दुसरा इब्राहिम आदिलशहा हा संगीताचा निस्सीम भक्त होता. त्याने रचलेल्या "किताबे नौरस" या गीतसंग्रहात सरस्वतीचे आणि गणपतीचे स्तवन आहे. प्रजा त्याला जगद्गुरू म्हणत असे. आपल्या आवडत्या तंबोऱ्याला त्याने मोतीखान असे नाव दिले होते.

हे कळल्यावर महाराजांविषयीचा अभिमान कमी होतो काय? मुळीच नाही. उलट त्यांनी कोणत्या सामर्थ्यशाली आणि सुसंस्कृत सत्तेशी टक्कर दिली हे उमजून तो खोल होतो. कमी होते ती निराळीच गोष्ट. सबंध नगराला, त्यातील गवंड्याला, गायकाला, पाणक्याला, कारकुनाला एकाच शब्दात तोलण्याची आपली सवय कमी होते. आमच्या सीमाभागात भाषेवरून आणि प्रांतावरून कटुता कधी कधी उफाळते. अशा ठिकाणी वाढणाऱ्या मुलाला हा धडा पुस्तकातून मिळण्यापेक्षा विजापूरच्या गल्लीतून मिळालेला बरा. आपली भाषा आणि आपला इतिहास प्राणापलीकडे जपावा. पण शेजारच्या बाकावरील कानडी बोलणाऱ्या मुलाकडे पाहताना डोळ्यांवर कोणाचा चष्मा आहे, हेही तपासावे.

विजापूरच्या बाहेर "साठ कबर" नावाचे एक स्थळ आहे. एका ओट्यावर स्त्रियांच्या एकसारख्या कबरी रांगांनी मांडलेल्या आहेत. महाराजांवर चालून जाण्यापूर्वी, आपण परत येणार नाही अशा शंकेने अफझलखानाने आपल्या स्त्रियांना मारविले, अशी दंतकथा तेथे सांगतात. कथा खरी असो वा नसो, त्या कबरींवर नावे नाहीत हे डोळ्यांना दिसते. इतिहासाच्या पुस्तकांत खानाचे नाव आहे, महाराजांचे आहे. या स्त्रियांचे नाही. ज्यांच्या नावावाचून आपल्या घरचाही इतिहास सांगितला जातो, अशा आजी, पणजी, आत्या यांची आठवण येथे होते. आपल्या पणजीचे माहेरचे नाव काय होते, हे आपल्यापैकी किती जणांना सांगता येईल? घरी परतल्यावर ते विचारावे असे वाटले, तर तो प्रवास सार्थकी लागला.

जुन्या नगरांत पूर्ण वास्तूंइतकेच अपुऱ्या वास्तूंनाही महत्त्व आहे. विजापुरात "बारा कमान" म्हणून प्रसिद्ध असलेली वास्तू म्हणजे दुसऱ्या अली आदिलशहाचा नियोजित मकबरा. १६७२ मध्ये तो मरण पावला आणि काम तसेच राहिले. आज काळ्या दगडाच्या उंच कमानी छपरावाचून आकाशाखाली उभ्या आहेत. विजापूरच्या पश्चिमेस दुसऱ्या इब्राहिमाने १५९९ मध्ये नौरसपूर नावाचे नवे नगर वसविण्यास आरंभ केला होता. तेही पूर्णत्वास गेले नाही, आणि १६२४ मध्ये मलिक अंबरच्या स्वारीत उद्ध्वस्त झाले. याच इब्राहिमाचा रोजा मात्र सुंदर रीतीने पुरा झाला आहे. तो मुळात बेगम ताज सुलतानासाठी योजिला होता असे सांगतात; पण १६२७ मध्ये सुलतानच आधी वारला, आणि प्रथम तेथे निजला तो तोच. माणूस योजना एक करतो आणि घडते दुसरेच, ही गोष्ट येथे दगडांत लिहिलेली आहे.

तथापि "म्हणून योजना करूच नयेत" असा अर्थ कोणी काढू नये. बारा कमानीखाली उभे राहिल्यावर तो अर्थ मनात टिकतच नाही. अपुऱ्या राहिलेल्या त्या कमानीही इतक्या नेटक्या, इतक्या भक्कम बांधलेल्या आहेत की साडेतीनशे वर्षांनंतर त्या तोल सांभाळून उभ्या आहेत. काम पुरे होणे सर्वस्वी आपल्या हाती नसते. जेवढे झाले तेवढे खरे असणे मात्र आपल्या हाती असते. परीक्षेच्या चिंतेने रात्री जागणाऱ्या विद्यार्थ्याला आणि त्याच्याहूनही अधिक जागणाऱ्या त्याच्या आईवडिलांना याहून मोठा दिलासा आम्हांस तरी माहीत नाही.

तटावरील "मलिक-ए-मैदान" ही तोफ मुलांना फार आवडते. १५४९ मध्ये अहमदनगर येथे ती ओतली गेली. तिचे वजन सुमारे पंचावन्न टन आहे. तिचे तोंड जबडा वासलेल्या सिंहाचे असून त्याच्या दातांत हत्ती चिरडला जात आहे, असे शिल्प आहे. तिच्यावर मूळ घडविणाराचा लेख आहे. आणि पुढे औरंगजेबाने आपण विजापूर घेऊन ही तोफ हस्तगत केल्याचा लेखही तिच्यावर कोरविला. मालक बदलत गेले. प्रत्येकाला ती आपली वाटली. आणि १८५४ मध्ये, इंग्रजी अमदानीत, निरुपयोगी सामान म्हणून या तोफेचा लिलाव पुकारला गेला, तेव्हा सर्वांत मोठी बोली आली ती दीडशे रुपयांची! सुदैवाने तेथल्या मामलेदाराने हे वरिष्ठांच्या कानावर घातले, आणि विक्री रद्द झाली. त्या मामलेदाराचे नाव सहलीला येणाऱ्या कोणाला ठाऊक नसते. पण आज तोफेवर हात ठेवून उभी राहणारी मुले सुलतानाची ऋणी नाहीत, बादशहाचीही नाहीत. वरून आलेल्या हुकमावर मुकाट्याने शिक्का न उठविणाऱ्या एका कारभाऱ्याची ती ऋणी आहेत. आपल्या हाती येणारी सत्ता बहुधा एवढीच लहान असणार आहे. ती कशी वापरावी, हे या तोफेपाशी शिकता येते.

राजे आणि तोफा यांच्यापेक्षाही आम्हांस या नगरांतील पाण्याची व्यवस्था विचारप्रवर्तक वाटते. विजापुरातील ताज बावडी १६२० ची, आणि बेगम तलाव १६५१ चा. तलावाचे पाणी जमिनीखालून मातीच्या नळांनी शहरात खेळविले होते. हंपीच्या राजवाड्याच्या आवारात उत्खननात सापडलेली पायऱ्यांची काळ्या दगडाची पुष्करिणी पाहावी. तिच्या दगडांवर खुणेची अक्षरे व चिन्हे आहेत. कोणता दगड कोणत्या बाजूस, कोणत्या रांगेत बसवावयाचा, हे गवंड्याला कळावे म्हणून ती कोरलेली आहेत. त्या खुणा प्रवाशासाठी नव्हत्या, राजासाठीही नव्हत्या. एका कामगाराने दुसऱ्या कामगारासाठी ठेवलेला तो निरोप आहे. आणि आश्चर्य असे, की राजसिंहासन गेले, बाजारपेठा ओस पडल्या, पण विजयनगरच्या काळातील तुर्त कालव्याचे पाणी आजही हंपीच्या परिसरातील शेते भिजवीत आहे. ज्या कामाने दुसऱ्याची तहान भागते, ते काम साम्राज्याहून दीर्घायुषी ठरले. उद्या आपण कोण होणार, असा प्रश्न ज्या वयात सतत मनात असतो, त्या वयात हा कालवा एकदा डोळ्यांनी पाहावा.

शेवटी गोल घुमटात येऊ. मुहंमद आदिलशहाच्या या मकबऱ्याचे काम १६५६ च्या सुमारास, त्याच्या मृत्यूच्या वेळी थांबले. आत एकही खांब नाही. चौरस दालनाच्या भिंतींवरून एकमेकींना छेदणाऱ्या कमानी उचलल्या आहेत. त्यांनी घुमटाचा भार तोलला आहे, आणि वर बाहेरून सुमारे चव्वेचाळीस मीटर व्यासाचा घुमट ठेविला आहे. चार कोपऱ्यांतील मनोऱ्यांच्या जिन्यांनी सात मजले चढून गेले, की घुमटाच्या आतील सज्जात प्रवेश होतो. येथे एका बाजूने भिंतीशी तोंड नेऊन कुजबुजले, तर ती कुजबुज समोरच्या बाजूस स्पष्ट ऐकू येते. कारण गुळगुळीत वर्तुळाकार भिंत ध्वनीला विखरू न देता आपल्या अंगाने वाहून नेते. टाळी वाजविली तर वक्र छतावरून पुनःपुन्हा परावर्तन होऊन तिचे अनेक प्रतिध्वनी येतात.

दिवसा बहुधा तेथे काय चालते? येणारा प्रत्येक जण ओरडतो, शिट्ट्या वाजवितो, आपले नाव मोठ्याने पुकारतो, आणि शेकडो आवाज एकमेकांत मिसळून नुसता कल्लोळ माजतो. कुजबुज ऐकू येण्यासाठी उभारल्यासारख्या या जागी कोणाचेच काही ऐकू येत नाही. म्हणून सकाळी दार उघडताच तेथे जावे. गर्दी नसते. सज्जात मिनिटभर काहीही न बोलता उभे राहावे. मग आपलाच श्वास ऐकू येतो. जुन्या नगरांचा स्वभावही असाच असतो. आपण गर्व घेऊन गेलो, तर तेथे गर्वाचा प्रतिध्वनी मिळतो. द्वेष घेऊन गेलो, तर द्वेषाचा. आणि प्रश्न घेऊन, शांतपणे गेलो, तर तो प्रश्न अधिक स्पष्ट होऊन परत येतो.

हे सर्व साधावे कसे, याविषयी काही व्यावहारिक सूचना करतो. निघण्यापूर्वी त्या नगराविषयी थोडे वाचावे. विजापुरास गेल्यावर गोल घुमटासमोरच्या नगारखान्यातील संग्रहालय आधी पाहिले तरी पुष्कळ उलगडा होतो. एका दिवसात तीनचार स्थळांहून अधिक पाहू नयेत. प्रत्येक ठिकाणी किमान पंधरा मिनिटे मोबाईल पिशवीत ठेवून, सोबत्यांपासून थोडे दूर, एकट्याने बसावे. शिक्षकांनी आणि पालकांनी मुलांना ही पंधरा मिनिटे द्यावीत, त्यांना घाई करू नये. तीन प्रश्न बरोबर न्यावेत: हे कोणासाठी बांधले, कोणी बांधले, आणि आज यातले कोणाच्या उपयोगी पडते? रात्री मुक्कामावर निजण्यापूर्वी दहा ओळी लिहाव्यात. वर्णन नव्हे, मनात काय आले ते. आणि कोठेही भिंतीवर आपले नाव कोरू नये. ज्या पुष्करिणीच्या दगडांवर कारागिरांनी कामापुरत्या खुणा ठेवल्या आणि नावे ठेवली नाहीत, तिच्याजवळ आपले नाव कोरणे शोभत नाही.

दूरचा प्रवास सर्वांनाच शक्य नसतो. पण त्यावाचून अडावे असे नाही. १९२४ मध्ये महात्मा गांधींच्या अध्यक्षतेखाली बेळगावास काँग्रेसचे अधिवेशन भरले, तेव्हा अधिवेशनाच्या नगरास विजयनगर असेच नाव दिले होते, आणि जमलेल्या लोकांना पाणी मिळावे म्हणून टिळकवाडीत विहीर खोदली होती. काँग्रेस विहीर म्हणून आपण सारे तिला ओळखतो. तिच्याजवळून आपण कित्येकदा जातो. मंडप उठले, माणसे पांगली, विहीर राहिली. येत्या रविवारी सकाळी पाच मिनिटे तिच्या काठाशी उभे राहावे, आणि तेच तीन प्रश्न विचारावेत. हंपीविजापूरची वाट तेथूनच सुरू होते.